नोंद क्रमांक एक यांस

घाटकोपर (पूर्व),
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. भाऊराव यांस,

घाटकोपरहून बाळचा नमस्कार. लताताईला वेगळा नमस्कार, कारण तुमच्यात तिचा धरला की ती फोन करून विचारते. इकडे मी, नीला आणि नीलाची कंबर, तिघेही ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचे काय झाले? ताई सांगत होती की डॉक्टरांनी तुम्हाला जिना वर्ज्य केला आणि त्याच दिवशी तुम्ही शिडी लावून माळ्यावरून कलमांच्या पिशव्या काढल्या. जिना वेगळा आणि शिडी वेगळी, असे तुमचे म्हणणे असल्याचे कळले. धाकट्या मेहुण्याने यावर बोलायचे नसते, म्हणून बोलत नाही. हापूसच्या कलमांना यंदा गिऱ्हाईक बरे आहे, हेही तिच्याकडूनच कळले. तिने मागितलेल्या वस्तूबद्दल शेवटी लिहितो. पत्र कशाला, फोन करायचा, असे तुम्हाला वाटेल. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि ताईकडे देता.

विषय ब्युरोचा आहे. लोकांना नोकरी लावून देणाऱ्या आमच्यासारख्या खासगी ब्युरोंना आजवर परवाना लागत असे आणि तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. त्यासाठी जागा किमान एकशे वीस चौरस फूट हवी, बायकांना बसायला वेगळा बाक हवा, पिण्याचे पाणी झाकलेले हवे, पाटी मराठीत हवी, आणि ब्युरो चालवणारा माणूस सद्वर्तनी व या कामास लायक आहे असे दोन प्रतिष्ठित नागरिकांनी लिहून द्यायला हवे. हे सगळे बघायला खात्याचे तपासनीस येत. आमची जागा साडेदहा फूट बाय सव्वाअकरा फूट आहे. गुणाकार तुम्ही करालच. (एकशे अठरा येतो.) सव्वीस वर्षे तपासनिसांनी टेपचे एक टोक माझ्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले आणि मध्ये थोडा झोल राहू दिला. त्या झोलात आमचे कमी पडणारे दोन चौरस फूट बसत. आम्ही दोघे तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत असू. खिडकीबाहेर खालच्या फरसाणवाल्याचे धुराडे आहे, बघण्यासारखे काही नाही.

आता परवाना गेला. ऑगस्टपासून हा धंदा कोणीही करावा, फक्त खात्याच्या संकेतस्थळावर एक स्वयंघोषणा भरावी, असे ठरले आहे. जुने परवानेवाले असतील त्यांनी ती तीस नोव्हेंबरच्या आत भरायची, नाहीतर ब्युरो बंद समजला जाईल. धंदा करणे सोपे व्हावे म्हणून हे केले, आणि ते झालेही. आमच्या गल्लीत आता अकरा ब्युरो आहेत. इस्त्रीवाल्याचा एक आहे, मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याचा एक आहे, आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनने गेटवरच खुर्चीच्या पाठीला पाटी बांधली आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या चेअरमनची स्वयंपाकीण मुलुंडला लावून दिली आणि संध्याकाळी चेअरमनना विचारले, साहेब, तुम्हाला स्वयंपाकाला बाई हवी आहे का. चेअरमन संतापले, पण घोषणेत असे करू नये म्हणून कुठे लिहिलेले नाही. मी कोणाला नावे ठेवत नाही. इस्त्रीवाल्याला गल्लीतली घरे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. कोणाकडे कोण राहायला आले आणि कोण निघून गेले, हे तो कपड्यांवरून सांगतो. परवान्याचा त्रास होता, तो गेला, हेही खरे. फक्त येऊन बघणारा माणूसही त्याबरोबर गेला.

तर ती स्वयंघोषणा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी ती भरायला खाली केतनच्या दुकानात गेलो. (केतन म्हणजे झेरॉक्सवाला, आता तो सगळ्या जगाचे ऑनलाइन अर्ज भरतो.) नाव, पत्ता, जुना परवाना क्रमांक, सगळे भरून झाले. शेवटी एक वाक्य आले: ‘मी या व्यवसायास सर्व दृष्टींनी लायक आहे, असे मी स्वतःहून जाहीर करतो/करते.’ त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन. केतन म्हणाला, “काका, टिक मारू ना?”

मी म्हटले, थांब, वाचू दे.

“वाचता काय काका? सकाळपासून बारा जणांचं मारलं.”

त्यातले लायक किती होते, असे मी विचारले. तो म्हणाला, “सगळे. चौकोन भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.”

मी घरी परत आलो. ताईला आठवत असेल, अण्णा म्हणत की आपले गुण आपण सांगू नयेत, लोक सांगतील. लोकांनी सांगितले नाहीत तर ते नाहीत असे समजावे. अण्णांनी बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि निरोप समारंभात, मला फारसे येत नव्हते पण मुलांनी सांभाळून घेतले, असे भाषण केले. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्या घरात वाढलेल्या माणसाने चौकोनात टिचकी मारून स्वतःला सर्व दृष्टींनी लायक म्हणायचे, हे मला जमेना. एका दृष्टीने म्हटले असते तर कदाचित जमले असते. नीलाला हे सांगितले तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुम्ही म्हणा, नाहीतर तुमच्या वतीने मी म्हणते. पण तीस तारखेच्या आत कोणीतरी म्हणा.”

ऑफिसात चेतनाला सांगितले. (चेतना तुम्हाला माहीत आहे. २००६ साली नोकरी मागायला आली आणि मिळेपर्यंत बसून काय करायचे म्हणून रजिस्टर लिहू लागली. अजून मिळालेली नाही.) तिने हातातले पेन खाली ठेवले. “सर, परवा त्या कळव्याच्या मुलीला तुम्ही काय सांगितलंत? ‘लाजू नकोस, स्वतःबद्दल चांगलं लिही, तू नाही लिहिणार तर कोण लिहिणार.’ तिनं लिहिलं होतं, ‘काम जमेल असं वाटतं.’ तुम्ही ते खोडून ‘स्वयंप्रेरित’ लिहिलंत.” हे खरे आहे. सव्वीस वर्षे मी लोकांच्या बायोडेटात स्वयंप्रेरित, मेहनती आणि जबाबदार हे तीन शब्द घालत आलो. एकदा एक माणूस मुलाखतीहून परत आला आणि विचारू लागला की स्वयंप्रेरित म्हणजे काय, तिथे साहेबांनी विचारले. मी म्हटले, म्हणजे कोणी सांगायच्या आधी काम करणारा. तो म्हणाला, मग मी नाही.

शेवटी मी असे ठरवले की आधी दुसऱ्या कोणी मला लायक म्हणावे, मग त्याच्या आधारावर मी म्हणेन. पूर्वी सही करणारे दोन प्रतिष्ठित नागरिक होतेच. त्यातले दंतवैद्य गेल्या वर्षी वारले, त्यामुळे ते यातून सुटले. राहिल्या वनमालाबाई. चौथीत त्या मला शिकवायला होत्या. आता पंच्याऐंशीच्या आहेत आणि मुलुंडला मुलीकडे असतात. दर वर्षी मी कागद नेत असे, त्या चष्मा न लावता सही करत आणि चहा देत. गेल्या रविवारी गेलो आणि प्रामाणिकपणे सांगितले की बाई, कायद्याला आता तुमची सही नको आहे, मला हवी आहे. त्यांनी मुलीला हाक मारून चष्मा मागवला. म्हणाल्या, “गरज होती तेव्हा देऊन टाकत होते. नको असलेली सही विचार करून द्यायला हवी.” आणि मग, भाऊराव, माझी तोंडी परीक्षा झाली.

“किती जणांना नोकरी लावलीस?”

चार हजार एकशे बारा.

“टिकले किती?”

ते आम्ही लिहून ठेवत नाही.

“मग लिहून काय ठेवता?”

लावले किती, ते.

“पहिला कोण होता?”

मी म्हटले, आमचे मेहुणे.

“ते टिकले?”

अकरा आठवडे, मी म्हटले.

बाईंनी पेनाला टोपण लावले. “मग त्यांना विचार. माझ्याकडे होतास तेव्हा नऊ वर्षांचा होतास. तेव्हा होतास लायक. पुढचं मला काय माहीत?” निघताना डिंकाचा लाडू दिला, पण तो त्या सगळ्यांना देतात.

आता तुमचीच हकिकत तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. पण त्यातला काही भाग तुम्हाला माहीत नाही, तो सांगतो. १९९९च्या ऑगस्टात मला परवाना मिळून नऊ दिवस झाले होते. रजिस्टर नवे होते, लाल कापडी बांधणीचे, आणि त्याची पहिली ओळ कोरी होती. रोज सकाळी मी ते उघडत असे आणि ती कोरी ओळ मला बघवत नसे. तुम्हाला रोह्याला चांगली कायमची नोकरी होती. ताईला मुंबईत यायचे होते हे खरे, पण ती काही उतावीळ झाली नव्हती. उतावीळ मी होतो. चेंबूरला थर्मास बनवणारा कारखाना आहे, सुपरवायझरची जागा आहे, पुढेमागे राहायला खोलीही देतील, असे मी तुम्हाला सांगितले. तुम्ही एकच प्रश्न विचारलात: “कारखाना बघितलास?” मी हो म्हटले. भाऊराव, मी फाटक बघितले होते. रंग नवा होता.

अकरा आठवड्यांनी त्या फाटकाला कुलूप लागले आणि मालकाने प्रत्येकाच्या हाती निरोपादाखल बारा थर्मासांचे खोके दिले. तुम्ही ते खांद्यावर घेऊन आमच्याकडे आलात. मी दार उघडले. काय झाले ते तुम्ही दोन वाक्यांत सांगितलेत, आणि मी दुसरीकडे बघतो असे म्हटल्यावर ‘बरं’ म्हणालात. महिन्याभरात तुम्ही देवरुखला गेलात, कलमे बांधायला लागलात आणि तिथे तुमचे चांगले झाले. तेव्हापासून तुम्ही त्या विषयावर बोललेला नाहीत, ताईही नाही. फक्त एवढेच की मी तुमच्याकडे आलो की चहा त्या हिरव्या चौकडीच्या थर्मासमधून येतो. सव्वीस वर्षे. स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे, गॅस आहे, चहा ताजा करता येतो. तरी थर्मास येतो, तुम्ही स्वतः बूच काढता, कपात ओतता आणि बूच पुन्हा लावता. तो टोमणा आहे की नुसता थर्मास, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. एकदा विचारणार होतो, तेवढ्यात तुम्ही ‘अजून घे’ म्हणालात.

बाईंकडे जाण्याच्या आधी, गेल्या शुक्रवारी, तपासनीस येऊन गेले. त्यांचे काम आता उरलेले नाही. मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते ते ऑक्टोबरातच झाले. सहज आलो म्हणाले. थोडा वेळ बायकांच्या बाकावर बसले. (बाकावर कोणी नव्हते, नाहीतर बसले नसते.) मग खिशातून टेप काढून एक टोक माझ्या हाती दिले. मी सवयीने धुराड्याकडे बघू लागलो, पण या वेळी त्यांनी टेप ताठ धरली. दोन्ही बाजू मोजल्या. “एकशे अठरा,” ते म्हणाले. मी म्हटले, साहेब, म्हणजे तुम्हाला माहीत होते. ते म्हणाले, “पहिल्या वर्षीच.” मग सव्वीस वर्षे पास कसे केलेत? “दोन फुटांनी कोणाचं काय अडतं हो? मी पाणी बघायचो. न सांगता आलो तरी तुमचा माठ घासलेला असायचा.” मला फार बरे वाटले. त्या भरात मी विचारले की मी लायक आहे असे तुम्ही लिहून द्याल का. ते म्हणाले, माझ्या लिहिण्याला आता काय किंमत, मी तर स्वतःच काम शोधतो आहे, आणि टेपबरोबर आणलेला बायोडेटा टेबलावर ठेवला. बायोडेटा फार साधा होता. ‘तपासणीचा अनुभव’ एवढेच लिहिले होते. चेतनाने तो वाचला आणि माझ्याकडे न बघता त्यात ‘स्वयंप्रेरित’ घातले. माठ तीच घासते, हे मी साहेबांना सांगितले नाही. सांगायला हवे होते.

आमच्याकडची एकूण परिस्थिती अशी आहे. काळजी करण्यासारखे काही नाही. ब्युरो राहिला काय आणि गेला काय, माझे वय झालेच आहे. चेतनाचे अजून झालेले नाही, एवढेच. ताईला सांगा की नीलाने भाजणीची चकली तिच्या प्रमाणाने केली आणि ती मऊ झाली, तेव्हा प्रमाणात काही राहिले होते का ते तिने खरे सांगावे. तुम्ही शिडीला जिना समजत चला. थोरांना नमस्कार लिहायचा असतो, पण तुमच्या घरात आता थोर तुम्हीच उरला आहात, तेव्हा तो वरच केला आहे.

आपला,
बाळ

ता. क. – मुख्य गोष्ट राहिली. सोबत तुमचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड नाही, माझा पत्ता लिहिलेले आहे. त्यावर दोन ओळी लिहून पाठवाल का? ‘बाळ या कामास लायक आहे’ किंवा ‘नाही’, जे खरे असेल ते. रजिस्टरमध्ये नोंद क्रमांक एक तुम्ही आहात, त्यामुळे तुमचे मत मी अखेरचे धरीन. ‘नाही’ आले तर तीस तारखेला पाटी उतरवतो; तुमच्यावर राग धरणार नाही, आणि चहाला पूर्वीसारखाच येईन. ‘आहे’ लिहिलेत, तर केतनकडे जाऊन चौकोन भरतो. कार्ड सत्तावीसपर्यंत टाका, पोस्टाला तीन दिवस लागतात.

ता. क. २ – वरचा मजकूर चेतनाला दाखवला. (ती सगळी पत्रे वाचते, पूर्वीपासून.) ती म्हणाली, पोस्टकार्डाची घाई नाही, घोषणा मी तीन तारखेलाच भरली. मी म्हटले, ते शक्य नाही, त्याला माझ्या मोबाइलवर आलेला आकडा लागतो. “तुम्हीच सांगितलात की.” मग आठवले. त्या दिवशी आमच्या घरी गॅस यायचा होता. कनेक्शन माझ्या नावावर, त्यामुळे आकडा माझ्याकडे येतो आणि नीला ऑफिसात फोन करून तो विचारते. चेतना म्हणाली, सर, आकडा आला असेल, वाचा. मी वाचला. गॅसचा आकडा चार अंकी असतो आणि हा सहा अंकी होता, तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. त्या दिवशी गॅसही आला नाही. थोडक्यात, गेले पंधरा दिवस मी सर्व दृष्टींनी लायक आहे आणि मला ते माहीत नव्हते. मग मला इतके दिवस सांगितले का नाहीस, असे विचारले. “तुम्ही रोज कुणाकुणाला भेटायला जात होतात. बरं दिसत होतात,” ती म्हणाली.

ता. क. ३ – ताईने मागितलेले थर्मासचे बूच सोबत ठेवले आहे, म्हणूनच हे पाकीट एवढे फुगले आहे. तसे बूच आता बाजारात मिळत नाही. मी चेंबूरला कारखान्याच्या जागीही जाऊन आलो. तिथे सत्तावीस मजले आहेत आणि गेटवरच्या माणसाने कोणाकडे जायचे म्हणून विचारले, तेव्हा परत फिरलो. शेवटी चेतनाने जुने रजिस्टर काढून नोंद क्रमांक दोनला फोन लावला. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या पाठोपाठ दुसऱ्याच दिवशी मी त्यालाही तिथेच पाठवले होते. भटवाडीत राहतो, पोटमाळ्यावर अजून सात थर्मास आहेत. त्यातले एक बूच त्याने काढून दिले. चेतनाने त्याला परस्पर माझ्याबद्दलही विचारून घेतले. तो म्हणाला, “आमची वाट लावली त्यांनी. पण मनापासून लावली.” चेतनाचे म्हणणे असे की हे प्रमाणपत्र समजावे. तिचे दुसरे म्हणणे असे की ज्याला टोमणा मारायचा असतो तो नवे बूच मागवत नाही. हे मी स्वतःहून जाहीर करत नाही, तिने सांगितले म्हणून लिहितो.

पोस्टकार्ड राहू द्या, कलमांच्या हिशेबाला वापरा. बूच बसते की नाही तेवढे मात्र कळवा. आटे झिजलेले नाहीत, पण थोडे दाबून फिरवावे लागेल. फोनवर कळवलेत तरी चालेल. नुसते ‘बरं’ म्हणालात तरी मला समजेल.